जमिनीखालच्या तेलाचा वारसा : किंमत कशी काढावी?

२०२४ च्या पावसाळ्यात भिवंडीतील आमच्या एका यंत्रमागवाल्या स्नेह्याच्या घरी अमेरिकेहून एक जाड लखोटा आला. या कुटुंबातले थोरले भाऊ शिकून टेक्सासला गेले, इंजिनियर झाले आणि तिथेच स्थायिक झाले. पत्नी आधीच वारल्या होत्या, मूलबाळ नव्हते. २०२२ साली त्यांचेही निधन झाले. मागे राहिले दोन भाऊ आणि एक बहीण, तिघेही भिवंडीत. बँकेतली शिल्लक आणि घर यांची व्यवस्था लागली आणि वारसाचे काम संपले असे सगळे समजून चालले होते.

लखोट्यात तीन कागद होते. पहिल्यावर लिहिले होते की तुमच्या भावाच्या नावे अमुक काउंटीत काही खनिज हक्क आहेत, ते आम्ही ११,००० डॉलरला घेण्यास तयार आहोत. दुसरा कागद सहीसाठी होता. तिसऱ्यावर ही रक्कम तीस दिवसांत मिळेल असे आश्वासन होते. स्नेह्याने कागद माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, "सेठ, घरबसल्या नऊ लाख रुपये येतात. भाईजानने तिथे विहीर घेतली होती हे आम्हाला माहीतही नव्हते. सही करून टाकू का?"

बहीण तिथेच बसल्या होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "भाई, आपण काय विकतो आहोत ते तरी आधी कळू द्या."

हा प्रश्न रास्त होता. आपण व्यापारी माणसे. तागा उलगडून पाहिल्याशिवाय, पोत आणि पन्हा तपासल्याशिवाय भाव सांगत नाही. पण जमिनीखालच्या तेलाचा कागद आला की आपली ही सवय कुठे जाते कोण जाणे. आज आपल्या अनेक घरांतली मुले ह्यूस्टन, डल्लासकडे आहेत. असा लखोटा उद्या कोणाकडेही येऊ शकतो. म्हणून त्या चौकशीत जे समजले ते वाचकांसमोर मांडतो. स्नेह्यांच्या परवानगीने त्यांचे आकडेही देतो. हिशेब समजायला सोपा जावा म्हणून ते गोल केले आहेत.

आपल्याकडे आणि तिकडे

आपल्याकडे हा प्रश्न उभाच राहत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे जमिनीतील खनिजांवर हक्क सरकारचा असतो. समुद्रातले तेल तर केंद्राचेच. १९७४ साली मुंबई हायमध्ये तेल लागले, त्यात किनाऱ्यावरच्या कोणा जमीनमालकाचा वाटा नव्हता. उद्या कोणाच्या शेताखाली तेल लागले तरी त्याला जमिनीच्या वापराची भरपाई मिळेल, तेलाचा हिस्सा मिळणार नाही.

अमेरिकेत रीत वेगळी आहे. तिथे खासगी जमिनीखालचे खनिजही खासगी मालकीचे असू शकते. टेक्सासने तर १८६६ च्या राज्यघटनेत खनिजावरचा सरकारी हक्क जमीनमालकांना सोडून दिला. पुढे १० जानेवारी १९०१ रोजी ब्युमाँट गावाजवळ स्पिंडलटॉप येथे तेलाचा प्रचंड फवारा उडाला आणि या सोडलेल्या हक्काची किंमत सगळ्यांना कळली. तेव्हापासून लोक वरची जमीन विकू लागले आणि खालचे खनिज स्वतःकडे ठेवू लागले. कोणी खनिज विकून शेत ठेवले. अशा तऱ्हेने वरच्या आणि खालच्या मालकीची फारकत झाली. चाळीत खालचा गाळा एकाचा आणि वरची खोली दुसऱ्याची असते, तसेच हे समजावे.

हे खनिज हक्क स्थावर मिळकत मानले जातात. ते विकता येतात, गहाण टाकता येतात आणि वारसाने वाटले जातात. चार पिढ्या वाटण्या होत गेल्या की एकेकाचा हिस्सा दशांश चिन्हानंतर चार-सहा आकड्यांवर येतो. आपल्या वाड्यांच्या सातबाऱ्यावर पन्नास नावे चढतात, त्यातलाच हा प्रकार.

आधी पाहा, हातात आहे काय

किंमत काढण्याआधी हक्काचा प्रकार ओळखला पाहिजे. ढोबळ मानाने तो चार प्रकारचा असतो.

पहिला, पूर्ण खनिज हक्क. यात कंपनीशी करार करण्याचा अधिकार, करारापोटी मिळणारी उचल आणि उत्पादनातला वाटा हे तिन्ही येते. दुसरा, नुसता रॉयल्टी हक्क. यात उत्पादनातला वाटा मिळतो, पण करार करण्याचा अधिकार दुसऱ्याकडे असतो. तिसरा, करारावर आधारलेला वाढीव रॉयल्टी हक्क. तो करार जिवंत असेपर्यंतच चालतो, करार संपला की तोही संपतो. चौथा म्हणजे विहिरीतली भागीदारी. यात नफ्याबरोबर खर्चही अंगावर येतो आणि विहीर बंद करण्याचा खर्चसुद्धा वाटून घ्यावा लागतो. वारशात हा चौथा प्रकार आला तर आनंदाआधी हिशेब तपासावा, कारण कधी कधी तो वारसा नसतो, देणे असते.

आमच्या स्नेह्यांच्या भावाकडे पहिला प्रकार होता. १६० एकरांच्या एका तुकड्याच्या खनिजात त्यांचा एक अष्टमांश हिस्सा होता. म्हणजे निव्वळ २० एकर. तिकडे सगळी बोलणी या निव्वळ एकरावर होतात. १६० एकरांचा कागद पाहून १६० एकरांचा भाव मनात धरू नये.

अपूर्णांक वाचतानाही सावध राहावे. १९२४ च्या एका खतात 'एक अष्टमांशाचा अर्धा' असे शब्द होते. साध्या गणिताने तो सोळावा हिस्सा होतो. पण त्या काळी एक अष्टमांश हा शब्द पूर्ण खनिज हक्कासाठी सर्रास वापरला जात असे. म्हणून टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली व्हॅन डाइक खटल्यात त्याचा अर्थ संपूर्ण खनिजाचा अर्धा हिस्सा असा लावला. एका वाक्याच्या अर्थावर आठपट फरक पडला. जुने खत असेल तर वाचायला तिकडचा जाणकार वकीलच हवा.

पगडी आणि बटई

कंपनी तेल कसे काढते आणि मालकाला काय देते? आपल्या भाषेत सांगायचे तर यात दोन गोष्टी आहेत, पगडी आणि बटई.

करार करताना कंपनी एकरी ठरलेली रक्कम एकदाच देते. तिला बोनस म्हणतात. ही झाली पगडी. कराराला ठराविक वर्षांची मुदत असते. त्या मुदतीत विहीर खणली नाही तर करार संपतो आणि मालक दुसऱ्याशी बोलायला मोकळा होतो. विहीर लागली तर उत्पादन चालू असेपर्यंत करार चालू राहतो.

उत्पादन सुरू झाले की मालकाला वाटा मिळतो, ती रॉयल्टी. ही बटई. खणण्याचा खर्च कंपनीचा, मालकाच्या वाट्यावर तो पडत नाही. पूर्वी हा वाटा सर्रास एक अष्टमांश म्हणजे साडेबारा टक्के असे. पुढे तीन सोळांश, एक पंचमांश, चांगल्या भागात एक चतुर्थांशापर्यंत करार होऊ लागले. त्यामुळे दोघांकडे सारखेच एकर असले तरी जुन्या करारातला मालक आणि नव्या करारातला मालक यांच्या हक्काची किंमत सारखी नसते.

आमच्या कागदात रॉयल्टी एक पंचमांश होती. आजूबाजूच्या जमिनी एकत्र करून ६४० एकरांचा एक गट केला होता आणि गटातल्या विहिरींचे उत्पन्न त्या प्रमाणात वाटले जात होते. म्हणून हिस्सा असा निघाला. २० भागिले ६४०, गुणिले एक पंचमांश, उत्तर ०.००६२५. म्हणजे गटात १०० डॉलरचे तेल विकले की या कुटुंबाचे साडेबासष्ट सेंट. हाच दशांश आकडा कंपनीच्या वाटणीपत्रकात लिहिलेला असतो, त्याला डिव्हिजन ऑर्डर म्हणतात. त्यावर सही करण्यापूर्वी हा गुणाकार स्वतः करून पाहावा. एक शून्य इकडचे तिकडे झाले तर वर्षानुवर्षे दहापट नुकसान होते.

चेकसोबतचा कागद बोलतो

दर महिन्याला कंपनी चेकबरोबर एक तपशील पाठवते. त्यात विहिरीचे नाव, महिना, किती पिंप तेल विकले, काय भावाने, राज्याचा कर किती, इतर वजावट किती आणि तुमच्या हिश्श्याला काय आले ते सगळे असते. पिंप म्हणजे ४२ अमेरिकन गॅलन, सुमारे १५९ लिटर. गॅसचा हिशेब हजार घनफुटांवर असतो. टेक्सासमध्ये तेलावर राज्याचा उत्पादन कर ४.६ टक्के आणि गॅसवर ७.५ टक्के आहे. गॅसच्या बाबतीत गोळा करणे, दाबणे, शुद्ध करणे असले खर्चही कापलेले दिसतात. ते कापता येतात की नाही हे करारातल्या शब्दांवर अवलंबून असते.

भावाच्या कपाटातल्या कागदांत असे तपशील सापडले. त्यावरून सरासरी काढली. गटातून महिन्याला १,६०० पिंप तेल, भाव ७० डॉलर धरला. विक्री झाली १,१२,००० डॉलर. त्यात ०.००६२५ ने आले ७०० डॉलर. राज्याचा कर सुमारे ३२ डॉलर वजा जाता उरले ६६८. वर्षाला साधारण ८,००० डॉलर.

इथेच पहिली शंका आली. वर्षाला आठ हजार देणारी मिळकत अकरा हजारांना मागितली जाते, म्हणजे सव्वा-दीड वर्षाचे उत्पन्न. यंत्रमागाचा चालू कारखाना सव्वा वर्षाच्या कमाईत कोणी विकतो का?

पण तेल आटते

इथे दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. गाळ्याचे भाडे चढत जाते, तेलाची विहीर उतरत जाते. पहिल्या दिवशी जेवढे तेल येते तेवढे पुढच्या वर्षी येत नाही. खडक फोडून आडव्या खणलेल्या नव्या विहिरी तर पहिल्याच वर्षात निम्म्याहून खाली येतात. त्यानंतर उतार मंदावतो आणि जुनी विहीर थोडे थोडे तेल बरीच वर्षे देत राहते. ही उतरण कागदावर मांडण्याची पद्धत जे. जे. आर्प्स यांनी १९४५ साली दिली. तेलाचे इंजिनियर आजही ती वापरतात.

म्हणून नव्या विहिरीचे पहिले चार मोठे चेक पाहून कोणी किंमत सांगत असेल तर घेणाऱ्याने सावध राहावे, आणि जुन्या विहिरीचे लहान चेक पाहून कोणी हिणवत असेल तर विकणाऱ्याने.

दुसरी गोष्ट भावाची. सुताचा भाव आपण पाहतो, तेलाचा भाव त्याहून लहरी. २००८ च्या जुलैत पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेला. २०१६ च्या सुरुवातीला ३० च्या खाली होता. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेच्या वायदे बाजारात तो शून्याच्याही खाली, उणे ३७ डॉलरवर बंद झाला. माल उचलून नेणाऱ्यालाच पैसे द्यावे लागतील अशी पाळी आली. आणि मार्च २०२२ मध्ये तोच भाव १२० च्या वर होता. कोणत्या महिन्याच्या भावावर किंमत काढली हे विचारल्याशिवाय कोणताही आकडा मान्य करू नये.

किंमत काढण्याच्या तीन रीती

पहिली रीत ढोबळ आहे. चालू उत्पन्न असेल तर दरमहाच्या रकमेला तीन ते पाच वर्षांच्या महिन्यांनी, म्हणजे ३६ ते ६० ने गुणतात. आमच्या उदाहरणात ६६८ गुणिले ३६ म्हणजे सुमारे २४,००० आणि गुणिले ६० म्हणजे सुमारे ४०,०००. हा बाजारातला अंदाज आहे, कायदा नव्हे. विहीर नवी असेल तर हा गुणाकार फसवतो.

दुसरी रीत शेजारच्या सौद्यांची. त्याच भागात, त्याच थरातले खनिज कोणी काय एकराने विकले, कंपनीने बोनस काय दिला, हे पाहायचे. तिकडे प्रत्येक काउंटीच्या नोंदणी कचेरीत खते आणि करार पाहायला मिळतात. मात्र खतात खरी रक्कम बहुधा लिहिलेली नसते, त्यामुळे जाणकाराला विचारावे लागते. जिथे विहीरच नाही तिथे हीच रीत उपयोगी. अशा हक्काची किंमत कधी एकरी थोडीच निघते, तर शेजारी विहिरी खणल्या जात असतील तर भरपूर वाढते.

तिसरी रीत सर्वांत भरवशाची. येणाऱ्या प्रत्येक वर्षाचे उत्पन्न अंदाजायचे आणि त्याला आजच्या किमतीत आणायचे. आपण उधारीवर माल देताना रोखीचा भाव वेगळा आणि नव्वद दिवसांचा वेगळा धरतो, तेच तत्त्व. तेलाच्या धंद्यात वर्षाला १० टक्के कसर धरण्याची पद्धत रूढ आहे.

आमच्या विहिरी जुन्या होत्या. उतरण वर्षाला १० टक्के धरली. पहिल्या वर्षाचे ८,००० आजच्या भावात ७,२७३ झाले. दुसऱ्या वर्षाचे उत्पन्न ७,२००, आजची किंमत ५,९५०. तिसऱ्याचे ६,४८०, आजची ४,८६९. असे पंधरा वर्षे मांडत गेले की बेरीज सुमारे ३८,००० डॉलर येते. उतरण १० ऐवजी २० टक्के धरली तर हीच किंमत पंचवीस-सव्वीस हजारांवर येते. तेलाचा भाव ७० ऐवजी ५० धरला तर सुमारे सत्तावीस हजार. म्हणजे सगळी बाजू कमी धरून पाहिली तरी अकरा हजारांच्या जवळपास येत नाही. त्यातही नवी विहीर खणली जाण्याची आशा आम्ही हिशेबात धरलीच नव्हती.

हे गणित शाळकरी मुलालाही येते. कठीण आहे ती उतरण ठरवणे. त्यासाठी विहिरीचा मागचा इतिहास लागतो आणि तो फुकट मिळतो. टेक्सासमध्ये तेलावर देखरेख करणाऱ्या खात्याचे नाव रेलरोड कमिशन आहे. नावात रेल्वे असली तरी आज त्याचा रेल्वेशी संबंध उरलेला नाही. त्याच्याकडे उत्पादनाचे महिनेवार आकडे असतात आणि ते कोणालाही पाहता येतात. ओक्लाहोमात हे काम कॉर्पोरेशन कमिशन करते. शिवाय टेक्सासमधल्या काउंट्या चालू विहिरींच्या हक्काची दरवर्षी करासाठी किंमत ठरवतात. तो आकडा बाजारभाव नव्हे, पण तुलनेला बरा. रक्कम मोठी असेल तर मात्र पेट्रोलियम इंजिनियरकडून फी देऊन मूल्यांकन घ्यावे. तिथे कंजूषी करू नये.

खतातले ते एक वाक्य

आता त्या दुसऱ्या कागदाकडे येऊ. आमच्या स्नेह्यांना ती पावती वाटली होती. प्रत्यक्षात ते विक्रीखत होते. सही झाली असती तर हक्क कायमचा गेला असता. अनेकांना करार आणि विक्रीखत यातला फरक कळत नाही आणि काही खरेदीदारांचा धंदा त्यावरच चालतो.

त्याच खतात एक वाक्य होते, की मागील काळाची थकलेली आणि रोखून ठेवलेली रक्कमही घेणाऱ्याची होईल. हे वाक्य का घातले? मालक वारला हे कळताच कंपनी पैसे देणे थांबवते आणि वारस सिद्ध होईपर्यंत रक्कम वेगळ्या खात्यात ठेवते. आमच्या बाबतीत वीस महिन्यांची रक्कम अशी पडून होती. ६६८ गुणिले २० म्हणजे सुमारे १३,३०० डॉलर. म्हणजे खरेदीदार आपल्याच पैशातून आपल्याला अकरा हजार देऊन वर दोन हजार खिशात घालणार होता, आणि खनिज त्याला फुकट पडणार होते.

अशी रक्कम फार काळ कोणी मागितली नाही तर ती राज्याच्या बेवारस मालमत्ता खात्यात जाते. तिथूनही ती पुराव्याने परत मिळते. ज्यांचे नातेवाईक तिकडे वारले आहेत त्यांनी त्या त्या राज्याच्या या खात्यात नाव जरूर शोधावे. काही राज्यांत वीस वर्षे वापर आणि नोंद नसेल तर खनिज हक्कच जमीनमालकाकडे जाऊ शकतो. नॉर्थ डकोटा आणि ओहायो ही त्यातली. लुइझियानात तर दहा वर्षे वापर नसेल तर हक्क संपतो. म्हणून कागद कपाटात ठेवून झोपू नये.

वारस कोण आणि किती

इथे घरात थोडा तणाव झाला, तोही लिहितो. भावांनी मनात पाच हिस्से केले होते, भावांना दोन-दोन, बहिणीला एक. पण स्थावर मिळकतीला ती जिथे असते तिथला कायदा लागतो. टेक्सासच्या कायद्यात मृत्युपत्र नसेल आणि पत्नी, मुले, आईवडील कोणी नसतील तर सख्खे भाऊ-बहीण समान वाटेकरी. प्रत्येकी एक तृतीयांश. कंपनीच्या दप्तरी तसेच चढणार. पुढे आपसात कोणी कोणाला काय द्यायचे हा घरचा आणि शरियतचा प्रश्न, तो आलिमांना विचारून राजीखुशीने सोडवावा. पण बहिणीला कागद न समजावता तिची सही घेऊ नये. ज्यांना आपल्या मिळकतीची वाटणी शरियतप्रमाणे व्हावी असे वाटते, त्यांनी तिकडच्या कायद्याला धरून जिवंतपणीच मृत्युपत्र करावे.

वारसा सिद्ध करण्यासाठी टेक्सासमध्ये वारसाचे प्रतिज्ञापत्र चालते. कुटुंबाला ओळखणाऱ्या, पण ज्यांचा मिळकतीत स्वार्थ नाही अशा दोघांच्या साक्षीने ते करून काउंटीत नोंदवतात. काही कंपन्या एवढ्यावर समाधान मानतात, काही न्यायालयाचा आदेश मागतात. आपल्याकडच्या जन्ममृत्यूच्या दाखल्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल लागते. कागदांवर नावाचे स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचे असेल तर काम सहा महिने अडते. आमचे अडले.

वारसाच्या कागदांत हयगय केली तर काय होते याचे काळे उदाहरण ओक्लाहोमात आहे. ओसेज जमातीने १९०६ च्या कायद्याने आपल्या प्रदेशातले खनिज सामाईक ठेवले आणि २,२२९ जणांना त्यात सारखे हिस्से मिळाले. तेल निघाले आणि हे लोक श्रीमंत झाले. हिस्सा विकत घेता येत नव्हता, पण वारसाने मिळत होता. मग १९२० च्या दशकात त्यांच्या घरांत लग्ने करून शिरलेल्या आणि पालक म्हणून नेमलेल्या लोकांनी त्यांना लुबाडले, कित्येकांचे खून पाडले. शेवटी १९२५ मध्ये कायदा बदलून बाहेरच्यांना असा वारसा घेण्यास बंदी घालावी लागली. मिळकतीची खरी किंमत मालकाऐवजी परक्याला आधी कळली की अनर्थ ओढवतो.

कराचा हिशेब

किंमत काढताना कर विसरू नये. तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक, मृत्यूच्या तारखेची किंमत. अमेरिकेत वारशाच्या मिळकतीची मूळ किंमत मालकाच्या मृत्यूच्या दिवसाचा बाजारभाव धरतात. पुढे विकताना त्याहून जेवढे जास्त येईल तेवढ्याच नफ्यावर कर. त्या तारखेचे मूल्यांकन करून ठेवले नाही तर पुढे सिद्ध करणे अवघड जाते. आमच्या स्नेह्यांचे भाऊ २०२२ मध्ये वारले तेव्हा तेलाचा भाव चढा होता, त्यामुळे हा कागद त्यांच्या फायद्याचा ठरला.

दोन, परदेशी मालकाची रॉयल्टी. आपण भारतात राहतो म्हणून कंपनी रॉयल्टीतून साधारणतः ३० टक्के कर कापून उरलेले देते. तिकडे विवरणपत्र भरून निव्वळ उत्पन्नावर कर लावून घेण्याचा पर्याय आहे, त्यात खनिज घटत जाते त्याबद्दलही सूट मिळते. विकायचे झाले तर खरेदीदाराला १५ टक्के रक्कम कापून तिकडच्या कर खात्यात भरावी लागते. खरा कर कमी निघाला तर विवरणपत्र भरून बाकी परत मिळते.

तीन, आपल्याकडचे नियम. परदेशात राहणाऱ्याकडून वारसाने आलेली परदेशी मिळकत ठेवायला फेमा कायद्याच्या कलम ६ (४) ने परवानगी आहे. पण प्राप्तिकराच्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात ती दाखवलीच पाहिजे, उत्पन्नही दाखवले पाहिजे. तिकडे भरलेल्या कराची वजावट इकडे मिळते. लपवले तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली जबर दंड आहे. हलाल मिळकतीला चोरीचा डाग कशाला लावून घ्यायचा?

शेवट काय झाला

तिघांनी ते खत न भरता परत केले. तिकडच्या वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करून नोंदवले. सात-आठ महिने गेले. मग वीस महिन्यांची रोखलेली रक्कम आणि त्यानंतरची बाकी तिघांच्या नावे आली. जुन्या रकमेतले कर कापून सुमारे ९,३०० डॉलर हाती पडले.

पुढे धाकट्या भावाला मागांच्या नूतनीकरणासाठी पैशांची नड होती. त्यांनी आपला एक तृतीयांश हिस्सा विकायचे ठरवले. या वेळी एकाच्या पत्रावर न थांबता तीन खरेदीदारांकडून लेखी भाव मागवले. आपण सूत घेताना मागवतो तसेच. सर्वांत चांगला भाव ११,००० डॉलरचा आला. पहिल्या पत्रात जेवढ्या रकमेत तिघांचा सगळा हक्क आणि थकबाकी जाणार होती, तेवढी एकट्या तिसऱ्या हिश्श्याला मिळाली. थोरल्या भावाने आणि बहिणीने आपले हिस्से ठेवले आहेत. महिन्याला थोडे येते, हळूहळू ते कमी होईल हेही त्यांना माहीत आहे. बहिणीने ती रक्कम नातीच्या शिक्षणासाठी वेगळी ठेवली आहे आणि दर महिन्याचा तपशील त्या स्वतः वाचतात, पिंप किती, भाव किती, हिस्सा किती.

म्हणून असा लखोटा आला तर घाई करू नका. तीस दिवसांची मुदत खरेदीदाराची असते, तुमची नव्हे. हक्काचा प्रकार, निव्वळ एकर, रॉयल्टीचा वाटा, दशांश हिस्सा, मागच्या दोन-तीन वर्षांचे चेक आणि रोखलेली रक्कम, एवढ्या सहा गोष्टी एका कागदावर लिहा. ज्याने पत्र पाठवले त्याला हे सहाही आकडे आधीच माहीत असतात. सौद्याला बसताना तुम्हालाही ते माहीत असले पाहिजेत.